कॅसेटच्या एका बाजूत मावणारी हळद

आमच्या कोपरीत लग्न ठरलं की भटजीच्या आधी सगुणाआत्याला विचारतात. भटजी स्टेशनच्या आजूबाजूला दोन-चार मिळतात, हा नाही तर तो. धवलारीण एकच. धवलारीण म्हणजे आम्हा आगरी लोकांच्या लग्नात धवले गाणारी बाई. मांडवाची उंबराची फांदी आणायची, त्याचं गाणं वेगळं. हळद दळायची, त्याचं वेगळं. आणि काम गाण्याच्या मागून चालतं, गाणं कामाच्या मागून नाही. बाहेरच्यांना हे कळत नाही. त्यांना वाटतं, बायका काम करता करता गातायत.

हळदीचा धवला सगळ्यात मोठा. त्यात आधी देवांना आवतण जातं, एकेकाचं नाव घेऊन. मग वेशीवरचे आणि खाडीकाठचे देव. शेवटी घरातली गेलेली माणसं, त्यांचंही एकेकाचं नाव, की तुम्हीपण या, पोरीला हळद लागतेय. गाणं चालू आहे तोवर सुवासिनींचा हात नवरीच्या अंगावर चालू, कडव्यागणिक खाली सरकत. गाणं थांबलं की हात थांबला, मग वाटीत हळद उरलेली असो नाहीतर नसो. म्हणजे नवरी किती पिवळी व्हायची, ते आत्याच्या गळ्यात.

आत्या म्हणजे माझ्या बाबांची मोठी बहीण. वय अठ्ठेचाळीस, उंची बेताची, आवाज मात्र उंच. तिची नक्कल करायची तर आधी हनुवटी वर करावी लागते, मग श्वास पोटापर्यंत नेऊन ठेवायचा आणि घाई म्हणून करायची नाही. कोपरीतल्या निम्म्या लोकांचे आवाज मला जमतात, पण आत्याचा जमायला दोन वर्षं लागली. कारण ती कुठे थांबते हे कळतच नाही. थांबते, पण गाणं थांबत नाही.

गेलेल्या माणसांची नावं ती घेते ना, ती रडका सूर लावून नाही. भिंतीपलीकडच्या शेजारणीला हाक मारावी तशी. अगं येतेस ना, चहा टाकलाय, असं. आमची आई धाकू मी चार वर्षांची असताना गेली. मला आणि शेवंतीताईला आत्याने वाढवलं, एकाच घरात. त्यामुळे गेल्या वर्षी, म्हणजे सत्याऐंशी साली, ताईचं लग्न विठ्ठलवाडीला ठरलं तेव्हा ताईने हट्ट असा एकच धरला. बाकी काय करायचं ते करा, हळदीत आईचं नाव आत्यानेच घ्यायचं. लग्न वैशाखात. तिकडून हो आलं तेव्हा पौष चालू होता. कुणालाच वाटलं नाही की यात काही अडचण येईल.

आता गोविंदाबद्दल सांगायला पाहिजे. गोविंदा आमचा चुलतभाऊ, डोंबिवलीच्या कंपनीत जातो, आणि त्याच्याकडे टेप आहे. कोपरीत कुणाचीही हळद असली की तो टेप घेऊन हजर. कॅसेट साठची, म्हणजे एका बाजूला तीस मिनिटं. त्याने फार आधी शोधून काढलेलं की आत्याचा हळदीचा धवला एका बाजूत बरोब्बर बसतो. शेवटचा शब्द आणि टेपचं बटण खट्‌कन वर येणं, एकच. मागेपुढे झालं तर दोन-तीन सेकंद. म्हणून गोविंदा बटण दाबायचा आणि बँडवाल्यांकडे जायचा. खट झालं की हळद झाली. तो घड्याळ लावायचा नाही, त्याला गरज नव्हती.

माघात सगळी कोपरी खोकत होती. साधी सर्दी, दोन दिवस ताप, अंग मोडून येणं. आमच्या वर्गात एका दिवशी निम्मी बाकं रिकामी. आत्यालाही झाली. भरलेल्या नाकाने तिने एक लग्न उरकलं, तो आवाज मी लगेच उचलला, म आणि न दोन्ही ब होऊन बाहेर पडायचे. पण धवला मापात बसला. शेवटचा शब्द, खट. सर्दी गेली. सगळ्यांची गेली तशी तिचीही गेली.

मग दोन-तीन आठवड्यांनी तिचा गळा दुखायला लागला. आतून नाही, बाहेरून, पुढच्या बाजूला. गिळलं की कळ कानापर्यंत जायची. हात लावू द्यायची नाही. थोडी सूजही दिसायला लागली. गावाने निदान करून टाकलं की माघात एवढी लग्नं गायली, गळा ताणला. तीन दिवस बोलायचं नाही असं ठरलं. आत्या तीन दिवस गप्प, हे आमच्या घरात पहिल्यांदाच घडत होतं. ती हाताच्या खुणांनी शिव्या द्यायची.

तिचा नवरा, आमचे आतोबा काळुराम, यांना दुखण्यावर एकच उपाय माहीत. ते तीस वर्षं मिठागरात कामाला. पाय मुरगळला, मीठ गरम करून पुरचुंडीने शेका. दाढ दुखली, शेका. त्यांनी आत्याचा गळा शेकला आणि आत्याचं मौन मोडलं. ती काय बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण मला पाठ आहे.

शेवटी तिला एका सर्जनकडे नेलं. त्यांनी बघितलं, दाबलं, आत्या ओरडली. ते म्हणाले गाठ आहे, कापून बघावी हे बरं. आत्याने विचारलं, आवाजाचं काय. त्यांनी नीट सांगितलं की आवाजाची नस तिथूनच जाते, जपून करू, पण थोडा फरक पडू शकतो. किती फरक, असं तिने पुन्हा विचारलं. बोलता येईल, असं ते म्हणाले.

घरी आली. ओट्यावर बसली आणि मग तेवढंच म्हणाली, "बोलता यईल, बोलतं."

त्या आठवड्यात आमच्या घरातली आमटी खारट व्हायला लागली. रोज. आत्याच्या हाताला काय झालं कुणाला कळेना. तिला विचारलं तर म्हणे मूठ तीच हाय, टोप तोच हाय. आधीच ती चिडकी झालेली. रात्री झोप नाही, दरदरून घाम, भूक दुप्पट आणि तरी ब्लाउज सैल. जेवता जेवता उठून दाराशी जायची, परत यायची. बोलायची तर इतकं भराभर की मी तिची नक्कल करायला गेले आणि माझाच दम गेला. मला तेव्हा ते गंमतीचं वाटलं. खोटं कशाला सांगू.

फाल्गुनात डोंबिवलीला हरिहर पाटलांच्या मुलीची हळद होती. हरिहर पाटलांची पूर्वी भातशेती होती, आता त्याच जमिनीवर तीन मजली इमारत आहे आणि पुढच्या अंगणात त्यांची सगळी लग्नं लागतात. सर्जनने तारीख दिलेली, पण आत्या म्हणाली ही हळद करून मग बघू. तिच्या मागे दुसऱ्या ओळी धरायला बायजामावशी. ती कल्याणची, अंगाने मोठी, स्वभावाने थंड. गेली वीस वर्षं आत्या पुढे आणि बायजामावशी मागे, दोघींची जोडी.

त्या दिवशी आत्याने सुरुवात केली आणि पहिल्या चार देवांनंतर बायजामावशीने तिच्याकडे वळून बघितलं. आठव्या देवाला तिने बघणं सोडलं, नुसती धरायला लागली. सूर खरा होता, शब्द सगळे होते, एक देव सुटला नाही. पण देव असे येत होते, जसे रेशनच्या रांगेत मागून कुणी ढकलतंय. सुवासिनींचे हात गोंधळले. एकीने नवरीच्या कोपराला हळद लावायला घेतली तोवर कडवं गुडघ्याला पोचलेलं. वेशीवरचे देव, खाडीवरचे देव, पाटलांचे आजे-पणजे, सगळे आले, आणि गाणं संपलं. वाटीत अर्धी हळद. नवरी एका गालाला पिवळी, दुसऱ्याला नाही.

मग पाटलांच्या घरच्या कमळाबाई, नवरीची आई, आत्याला विचारत्या झाल्या, "आज गाडी पकरायची हाय कां, सगुनाबाय?"

बायका हसल्या. आत्या हसली नाही. तिचे हात मांडीवर होते आणि बोटं थरथरत होती, तिने ती पदराखाली घेतली. मागे कुजबुज सुरू झाली की दुसरीकडे हळद धरली असेल, म्हणून घाई. कुणी म्हणालं वय झालं. बायजामावशी घाम पुसत एवढंच बोलली, "मी मागं गात नव्हते, मागं धावत होते." हे तिने बाजू घ्यायला म्हटलेलं, पण लागलं उलटं. आणि आमच्या बाबांनी, जे कधी काही बोलत नाहीत त्यांनी, परत येताना गाडीत आतोबांना हळूच सांगितलं की शेवंतीच्या हळदीला दुसरी कुणी बघून ठेवलेली बरी. ताईने ते ऐकलं. ती खिडकीकडे तोंड करून बसली.

पण त्याच्या आधी, पाटलांच्या अंगणातच, एक गोष्ट झाली. त्या इमारतीत पहिल्या मजल्यावर डॉक्टर प्रमोदिनी आगाशे राहतात. पाटलांच्या भाडेकरू. खालीच त्यांचा दवाखाना. पुण्याच्या, बोलणं स्वच्छ, प्रत्येक वाक्य "असं बघा" पासून सुरू. सहा वर्षांत पाटलांच्या अंगणातली प्रत्येक हळद त्यांनी गॅलरीतून ऐकलेली, हौसेने नाही, इलाजच नव्हता. त्या दिवशी मात्र त्या पायऱ्या उतरून खाली आल्या आणि थेट आत्यापुढे बसल्या. म्हणाल्या, असं बघा, मला गाण्यातलं काही कळत नाही, पण दरवेळी हे गाणं संपेपर्यंत माझा एक पूर्ण कुकर होतो, आज दुसरी शिट्टी झाली आणि तुम्ही संपलात. हात दाखवा.

त्यांनी आत्याच्या पसरलेल्या बोटांवर वहीचा एक कागद ठेवला. कागद फडफडायला लागला, वारा नसताना. मग नाडी धरली. मग विचारत गेल्या. गळा कधीपासून दुखतो. कानात कळ जाते का. घाम, झोप, वजन. आत्या उत्तरं देत होती, उत्तरं पण भराभर. मग डॉक्टरबाईंनी विचारलं की हे दुखणं सुरू व्हायच्या आधी सर्दी-ताप झालेला का. आतोबा म्हणाले नाही, बाबा म्हणाले हो, पाटील म्हणाले सर्दीचा इथे काय संबंध. गोविंदाने टेप पुढे केला.

माघातली कॅसेट त्याच्या पिशवीतच होती. त्याने लावली आणि आत्याचं भरलेलं नाक पाटलांच्या ओसरीवर घुमलं. डॉक्टरबाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्यांनी घड्याळ बघून पूर्ण बाजू ऐकली, खटपर्यंत. मग आजची लावायला सांगितली. आजची एकोणीस मिनिटांत संपली आणि पुढे टेपवर कमळाबाई, गाडी पकरायची हाय कां, आणि बायकांचं हसणं. कमळाबाई आत निघून गेल्या.

"सर्दीत माप बरोबर आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या, "सर्दीनंतर बिघडलंय." आणि त्या खूश दिसल्या, जसं कुणाला हरवलेली किल्ली सापडावी.

रक्त दिलं. एक तपासणी इथेच झाली, नळीत रक्ताच्या पेशी तासाभरात किती खाली बसतात ती. बसायला पाहिजेत वीस मिलिमीटरपर्यंत, बसल्या एकशे दहा. दुसरं रक्त मुंबईला गेलं, त्याचं उत्तर आठ दिवसांनी आलं. मग आम्ही पुन्हा डोंबिवलीला गेलो, आत्या, आतोबा, ताई आणि मी. तिथे जे सांगितलं ते मला जसंच्या तसं आठवतं, कारण घरी आल्यावर मी ते बाबांना डॉक्टरबाईंच्याच आवाजात ऐकवलं.

त्या म्हणाल्या, असं बघा, विषाणू नाकात शिरतो, घशात शिरतो, पण सर्दीत आपल्याला जे होतं ते सगळं तो करत नाही. ताप, अंग मोडणं, तोंडाची चव जाणं, ही कामं आपलंच शरीर करतं. ज्या पेशीत विषाणू शिरला ती शेजारणींना निरोप धाडते, सावध राहा. दुसऱ्या पेशी डोक्याला निरोप धाडतात, ताप वाढव. हे निरोप म्हणजे रक्तातून फिरणारे बारीक पदार्थ, डोळ्यांना न दिसणारे. शरीरात प्रत्येक अवयवाचं असं काही ना काही टपाल चालू असतं. गळ्यात पुढे एक ग्रंथी आहे, थायरॉइड. तिचा निरोप एकच, पण तो सगळ्या अंगाला जातो. काम किती वेगाने करायचं, एवढाच. हृदयाने किती वेगाने धडधडायचं, अन्न किती वेगाने जळायचं, हात किती स्थिर राहायचा. बाकीच्या ग्रंथी लागेल तसा माल तयार करतात. ही मात्र साठा करते, दोन-तीन महिन्यांचा, बारीक बारीक पिशव्यांत भरून.

मग कधी कधी असं होतं, त्या म्हणाल्या, की सर्दी येऊन जाते आणि तिच्यामागून ही ग्रंथी सुजते. पिशव्या फुटतात.

इथे त्या थांबल्या, पुढे कसं सांगावं असा विचार करत. आतोबा तोवर जमिनीकडे बघत होते. ते म्हणाले, "म्हणजे बांध फुटला."

डॉक्टरबाईंनी विचारलं, कुठला बांध. मग आतोबांनी, जे डॉक्टरांपुढे हो-नाहीपलीकडे तोंड उघडत नाहीत, त्यांनी सांगितलं. मिठागरात मिठाच्या राशी रचून ठेवतात, महिनोन्महिने पुरतील अशा. रोज लागेल तेवढं मीठ उचलतात. एखाद्या उधाणाला बांध फुटला तर सगळ्या राशी एका दिवसात खाडीत. खाडी त्या दिवशी खारीढोण. आणि मिठागर रिकामं. मग बांध घाला, कोंड्यांत, म्हणजे मिठाच्या वाफ्यांत, पाणी घ्या, वाळवा, नवं मीठ पिकेपर्यंत थांबा.

डॉक्टरबाई म्हणाल्या, हेच. अगदी हेच. तीन महिन्यांचा निरोप एकदम रक्तात गेलाय, म्हणून गाणं पळतंय. पण आता तुम्हीच सांगा, पुढे काय होणार. आतोबांनी विचार केला आणि घाबरून आत्याकडे बघितलं. रिकामं, ते म्हणाले. हो, त्या म्हणाल्या, काही महिने गाणं रांगेल. सुस्ती येईल, थंडी वाजेल, आवाज जड होईल. तेव्हा घाबरून कुठे जायचं नाही. बहुतेक जणींचं आपोआप भरतं. कापायचं काही नाही. ॲस्पिरिनच्या गोळ्या, जेवणानंतर, सूज उतरेपर्यंत. आणि दर महिन्याला मला दाखवायचं, कारण थोड्या जणींचं भरत नाही, मग गोळी लागते.

ताईने विचारलं, वैशाखात कुठपर्यंत आलेलं असेल. डॉक्टरबाईंनी बोटं मोजली आणि खोटं बोलल्या नाहीत. अगदी तळाला, त्या म्हणाल्या.

मी विचारलं की सगळी कोपरी खोकत होती तर आत्याचाच बांध का फुटला. त्या म्हणाल्या, चांगला प्रश्न आहे, मलाही माहीत नाही. कुणालाच नीट माहीत नाही. कुठला विषाणू, तेही नक्की नाही. हे म्हणताना त्या पुन्हा खूश दिसल्या. ज्या गोष्टी माहीत नाहीत त्या सांगताना त्या जास्त खूश असतात, हे मी तेव्हा टिपून ठेवलं.

निघताना त्यांनी सहज विचारलं, घरी मीठ कुठलं खाता. आणि आतोबा रडायला लागले.

झालं होतं असं. महिन्यापूर्वी त्यांनी कुठेतरी भिंतीवर चित्र बघितलेलं, गळ्याला गाठ आलेली बाई, आणि खाली लिहिलेलं की आयोडीन नसलेल्या मिठाने गलगंड होतो. मिठागरातल्या मिठात आयोडीन कोण घालतो. तीस वर्षं जे मीठ त्यांनी अभिमानाने घरात आणलं त्यानेच बायकोचा गळा गेला, असं त्यांच्या मनाने घेतलं. मिठागरातल्या माणसाने वाण्याकडे मीठ मागायचं कसं, म्हणून ते कल्याणला जाऊन पुड्याचं मीठ आणायचे आणि घरच्या रांजणात ओतायचे. आत्या घाईत, मुठीत काय आलं ते बघायची नाही, आपली खड्याच्या मापाने मूठ भरायची. बारीक मीठ मुठीत दीडपट मावतं. म्हणून आमटी खारट.

डॉक्टरबाई म्हणाल्या, चित्र खोटं नाही आणि पुड्याचं मीठ वाईट नाही, खुशाल खा. पण हे दुखणं ते नव्हे. ती गाठ अशी दुखत नाही. आणि रोज खाडीचे-समुद्राचे मासे खाणाऱ्या बाईला आयोडीनची काय ददात. आत्या इतका वेळ ऐकत होती. ती आतोबांना म्हणाली, "महिनाभर खारट खातंव. मना सांगला असता तर मूठ लहान केली असती." आणि उठली.

गोळ्यांनी आठवड्यात कळ गेली. महिन्याभराने घाम गेला, हात थांबला. मधले पंधरा दिवस ती अगदी पहिल्यासारखी झाली आणि आम्हाला वाटलं झालं. मग चैत्र संपता संपता ती दुपारी झोपायला लागली. आत्या दुपारी कधी झोपली नव्हती. एप्रिलच्या उकाड्यात गोधडी घ्यायची. आवाज खाली उतरला, घट्ट झाला, शब्दांच्या मध्ये जागा पडायला लागल्या. तिला जेवायला बोलावलं की ती येते म्हणायची, आणि ते येते संपेपर्यंत ताट वाढून व्हायचं. ही नक्कल मी केली नाही. म्हणजे एकदा केली, ताईपुढे, आणि ताईने माझ्याकडे असं बघितलं की मी परत केली नाही.

डॉक्टरबाईंना दाखवलं. त्यांनी तपासलं, म्हणाल्या ठरल्याप्रमाणे चाललंय, गाण्याने काही बिघडणार नाही, थकेल एवढंच. बाबांना ते पटेना. भर मांडवात विठ्ठलवाडीचे पाहुणे बसलेले, मुहूर्त लागलेला, आणि पुन्हा फजिती. त्यांनी बायजामावशीला कल्याणहून बोलावून घेतलं आणि तिने पुढे व्हावं असं सुचवलं. बायजामावशी आत्याकडे बघत बसली. ताईही आत्याकडे बघत बसली. आत्याने बराच वेळ घेतला. आता ती सगळ्यालाच वेळ घ्यायची.

"हलू गाईन," ती म्हणाली. "हलद काय पलून जाते?"

शेवंतीताईची हळद एक्केचाळीस मिनिटं चालली. देव एकेक करून असे आले जसे चपला काढून, पाय धुऊन, बसायला जागा बघून. सुवासिनींचे हात दुखायला लागले, वाटीतली हळद संपली, आतून दुसरी आणली, तीही लागली. विठ्ठलवाडीच्या बायका आधी एकमेकींना कोपर मारत होत्या, नंतर ऐकायला लागल्या. बायजामावशीने नंतर सांगितलं की दोन ओळींच्या मध्ये ती पान लावून खाऊ शकली असती. आत्याच्या कपाळावर घाम नव्हता, ओठ मात्र कोरडे पडलेले. आवाज जुना नव्हता. जड होता, बाप्याच्या आवाजासारखा. पण हाक तीच होती. आजा आला, आजी आली, आणि मग आत्याने धाकू म्हटलं. भिंतीपलीकडे हाक मारावी तसं, आणि पलीकडून कुणीतरी ओ देईपर्यंत थांबावं, एवढं ते नाव चाललं. ताईने मान वर केली. तिच्या अंगावर तेव्हा हळद लागायला जागा उरली नव्हती. लग्नानंतर पंधरा दिवस ती पिवळी होती, सासरी तिला त्यावरून चिडवायचे.

आता गोविंदा. गोविंदाने बटण दाबलं आणि नेहमीसारखा बँडवाल्यांकडे गेला. तिसाव्या मिनिटाला खट झालं. तेव्हा खाडीवरचे देव येत होते. बँडच्या आवाजात त्याला काही कळलं नाही, आणि इतक्या वर्षांत बाजू उलटायची वेळच आलेली नव्हती. ताई सासरी कॅसेट घेऊन गेली. पहिल्या रात्री नाही, दुसऱ्या आठवड्यात तिने ती लावली. खाडीवरचे देव आले आणि पुढे काही नाही. तिने गोविंदाला बोल लावला नाही. पत्रात एवढंच लिहिलं की आईचं नाव आलेलं नाहीये. गोविंदा ते पत्र वाचून दोन दिवस जेवला नाही. म्हणजे दुपारचं जेवला नाही.

पुन्हा गा म्हणावं तर तसं चालत नाही. लग्न नसताना हळदीचा धवला गायचा नाही, असा नियम आहे आणि आत्या तो मोडणार नाही. आषाढ गेला, श्रावण गेला. मुंबईहून रक्ताचे आकडे यायचे, डॉक्टरबाई ते एका वहीत लिहायच्या. भाद्रपदात आत्याने गोधडी सोडली. नवरात्रात तिने मला भांडी नीट घासली नाहीत म्हणून इतकं ऐकवलं, इतक्या नेमक्या वेगाने, की आतोबा उठून बाहेर गेले. मला वाटलं रागावले. ते ओट्यावर बसून हसत होते.

कार्तिकात तुळशीचं लग्न. ते लग्नच आहे, हळद लागते, आवतण जातं. ताई विठ्ठलवाडीहून आली. डॉक्टरबाई डोंबिवलीहून मनगटावर घड्याळ लावून आल्या, त्यांना ओट्यावर खुर्ची दिली. गोविंदा टेपजवळ मांडी घालून बसला, एक हात टेपवर, दुसऱ्या हातात नवी कॅसेट, उघडून तयार. बँड नव्हता, तरी मी त्याला विचारलं की बँडवाल्यांकडे जायचं नाही का. त्याने बघितलंसुद्धा नाही.

आत्याने हनुवटी वर केली. मी डोळे मिटून ऐकलं, कारण मला ते कानानेच कळतं. ती थांबत होती, पण गाणं थांबत नव्हतं. देव आले. वेशीवरचे आले. खाडीवरचे आले, आणि टेप फिरत होता. आजा आला, आजी आली. धाकू. ताईने तुळशीच्या कुंडीला हळद लावता लावता डोळे पुसले आणि नाक पिवळं करून घेतलं. मग दोन ओळी, मग शेवटची, आणि शेवटचा शब्द अर्धा झाला असताना खट.

गोविंदाचा चेहरा उतरला. डॉक्टरबाईंनी घड्याळ बघून वहीत काहीतरी लिहिलं आणि वही मिटली. आत्याने तो अर्धा शब्द पुरा केला, पाणी प्याली, आणि टेपकडे एकदा बघून म्हणाली, "तुजी कॅसेटच आखूड हाय."

ताईने कॅसेट काढून घेतली. तिथेच गोविंदाकडून पेन्सिल घेतली आणि तिच्या टोकाने कॅसेटच्या मागच्या कडेवरचा प्लास्टिकचा छोटा तुकडा स्वतः मोडला, म्हणजे कॅसेटवर आता दुसरं काही भरता येणार नाही.